खाशाबा जाधव : चपळाईच्या जोरावर ऑलिम्पिक पदक आणणारा पैलवान

सेलूसारख्या गावात किकचा सराव करणारं पोरगं असो की ऑलिम्पिकचा मल्ल, समोरच्याची हालचाल ओळखून अंग किती लवकर हलतं यावर बरंच काही ठरतं. खाशाबा जाधवांची गोष्ट याच चपळाईची आहे.

१५ जानेवारी १९२६ ला कराड तालुक्यातल्या गोळेश्वरमध्ये त्यांचा जन्म झाला. वडील दादासाहेब स्वतः पैलवान. त्यांनी खाशाबांना पाचव्या वर्षीच आखाड्यात उतरवलं. देह लहानखुरा, पण पाय हलके. ढाक हा त्यांचा हुकमी डाव.

आता ही चपळाई येते कुठून?

डोळ्यांनी बघून शरीर हलायला साधारण सेकंदाचा पाचवा भाग लागतो. स्पर्शाला मिळणारा प्रतिसाद त्याहून लवकर येतो. म्हणून मुरलेला मल्ल समोरच्याच्या हाताचा दाब बदलला की डाव ओळखतो. तोच डाव हजारदा घोटलेला असला, की विचार करण्यात वेळ जात नाही.

१९४८ ला खाशाबा लंडन ऑलिम्पिकला गेले. मातीत वाढलेल्या पैलवानाला मॅट नवी होती, तरी फ्लायवेट गटात ते सहावे आले. प्रशिक्षक रीस गार्डनर यांनी त्यांच्या हलक्या पायांची ताकद ओळखली होती.

पुढचं ऑलिम्पिक १९५२ चं, हेलसिंकीला. जायला पैसे नव्हते. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी राहतं घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. गावोगावच्या लोकांनीही वर्गणी दिली.

तिथे कॅनडा, मेक्सिको आणि जर्मनीच्या मल्लांना खाशाबांनी हरवलं. पुढे जपानच्या शोहाची इशीशी लांबलेली लढत त्यांनी थोडक्यात गमावली.

आणि घात इथेच झाला. मध्ये अर्ध्या तासाची विश्रांती मिळायला हवी होती. पण लगेच सोव्हिएत संघाच्या रशीद मामदबेयोव्हसमोर उभं राहावं लागलं. भांडायला भारताचा एकही अधिकारी तिथे नव्हता. दमलेल्या शरीराची प्रतिक्रिया मंदावते, मग तो कितीही चपळ असो. ती कुस्ती गेली.

तरीही बँटमवेट गटात कांस्यपदक मिळालं. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. परतल्यावर बैलगाड्यांची मिरवणूक निघाली आणि कुस्त्या खेळून खाशाबांनी प्राचार्यांचं घर सोडवून दिलं.

१९५५ ला ते पोलिसांत उपनिरीक्षक झाले. १४ ऑगस्ट १९८४ ला रस्ता अपघातात त्यांचं निधन झालं. अर्जुन पुरस्कार मिळाला, तोही मरणोत्तर.