वसंताच्या तारखांची नोंद ठेवणारे थोरो

अमेरिकेतील बोस्टन शहराजवळ कॉन्कॉर्ड नावाचे लहानसे गाव आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला या गावात एक गृहस्थ रोज किमान चार तास रानावनांतून आणि पाणथळ जागांतून पायी हिंडत आणि कोणत्या झुडपाला कधी फूल आले याची टिपणे ठेवत. गावकऱ्यांना हा विक्षिप्तपणा वाटे. हे गृहस्थ म्हणजे लेखक व विचारवंत हेन्री डेव्हिड थोरो. सुमारे दीडशे वर्षांनंतर त्यांची हीच टिपणे हवामान बदलाच्या अभ्यासाचा एक महत्त्वाचा पुरावा ठरली आहेत.

थोरो यांचा जन्म १२ जुलै १८१७ रोजी कॉन्कॉर्ड येथे झाला. वडिलांचा शिसपेन्सिली तयार करण्याचा व्यवसाय होता. हार्वर्ड येथून १८३७ मध्ये पदवी घेतल्यानंतर थोरो गावी परतले आणि त्याच वर्षी त्यांनी रोजनिशी लिहिण्यास प्रारंभ केला. थोरले बंधू जॉन यांच्यासमवेत त्यांनी काही काळ शाळाही चालविली. मात्र जानेवारी १८४२ मध्ये जॉन यांचे धनुर्वाताने निधन झाले. हा आघात थोरो यांच्या मनात दीर्घकाळ राहिला.

४ जुलै १८४५ रोजी ते वॉल्डन तळ्याकाठी स्वतः उभारलेल्या खोपटात राहावयास गेले. तेथे त्यांनी दोन वर्षे, दोन महिने आणि दोन दिवस वास्तव्य केले. याच काळात, १८४६ मध्ये, गुलामगिरीला पाठीशी घालणाऱ्या सरकारला डोईपट्टी देण्यास नकार दिल्याबद्दल त्यांना एक रात्र तुरुंगात काढावी लागली. या अनुभवातून साकारलेला सविनय कायदेभंगावरील निबंध १८४९ मध्ये प्रसिद्ध झाला. महात्मा गांधी यांनी १९०७ मध्ये दक्षिण आफ्रिकेतील 'इंडियन ओपिनियन' पत्रातून त्या निबंधाचा परिचय करून दिला. भारतीयांना थोरो परिचित आहेत ते मुख्यतः यामुळे.

'वॉल्डन' हा ग्रंथ १८५४ मध्ये प्रसिद्ध झाला. तळ्यावरील बर्फ कोणत्या वर्षी कधी वितळला, याच्या तारखा त्यांनी या ग्रंथातही दिल्या आहेत. १८४५ मध्ये तळे १ एप्रिलला मोकळे झाले होते, तर १८५२ मध्ये त्यासाठी १८ एप्रिल उजाडला.

उदरनिर्वाहासाठी थोरो जमिनींची मोजणी करीत. १८५१ पासून त्यांनी वनस्पतींच्या पहिल्या फुलोऱ्याच्या नोंदी अधिक काटेकोरपणे ठेवण्यास सुरुवात केली आणि १८५८ पर्यंत हे काम नेटाने चालविले. एखादे फूल नेमके कोणत्या दिवशी उमलते हे पाहण्यासाठी ते त्याच जागी पुन्हा पुन्हा जात. एवढ्या बुद्धिमान माणसाने याहून मोठे कार्य करावयास हवे होते, अशी त्यांचे स्नेही आणि ज्येष्ठ विचारवंत राल्फ वॉल्डो इमर्सन यांचीही खंत होती.

अखेरच्या वर्षांत थोरो यांनी विखुरलेल्या नोंदी एकत्र करून मोठे तक्ते तयार केले. डाव्या बाजूस निसर्गातील घटना आणि वरच्या ओळीत वर्षे, अशी त्यांची मांडणी होती. गावाच्या संपूर्ण वर्षाचे एक निसर्गचक्र त्यांना सिद्ध करावयाचे होते. परंतु डिसेंबर १८६० मध्ये झाडांच्या बुंध्यांवरील वर्तुळे मोजत असताना त्यांना सर्दी झाली, आजार बळावला आणि जुना क्षयरोग उलटला. ६ मे १८६२ रोजी, वयाच्या ४४ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले. तक्त्यांचे काम अपुरेच राहिले.

बोस्टन विद्यापीठातील वनस्पतिशास्त्रज्ञ रिचर्ड प्रिमॅक आणि त्यांचे सहकारी अब्राहम मिलर-रशिंग यांनी या शतकाच्या प्रारंभी हे तक्ते अभ्यासासाठी घेतले आणि त्याच परिसरात नव्याने निरीक्षणे केली. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांनुसार, वसंतात फुलणाऱ्या ४३ सामान्य वनस्पती थोरो यांच्या काळापेक्षा सरासरी ७ दिवस आधी फुलत असल्याचे आढळले. १८५२ ते २००६ या काळात कॉन्कॉर्डचे तापमान सुमारे २.४ अंश सेल्सिअसने वाढले होते. जागतिक तापमानवाढीबरोबरच परिसराचे शहरीकरणही त्यास कारणीभूत होते. थोरो यांच्या काळी मेच्या मध्यास फुलणारी उंच ब्लूबेरी २०१२ च्या विक्रमी उबदार वसंतात एप्रिलच्या आरंभीच फुलली.

अनेक वनस्पतींच्या कळ्या उष्णता मिळताच उमलतात. काही वनस्पती मात्र दिवसाच्या लांबीसारख्या अन्य संकेतांवर अधिक अवलंबून असतात आणि उन्हाच्या बदलत्या वेळापत्रकाशी त्यांना जुळवून घेता येत नाही. अशा वनस्पतींची संख्या अधिक घटल्याचे २००८ मधीलच दुसऱ्या अभ्यासात दिसून आले. थोरो यांनी पाहिलेल्या प्रजातींपैकी सुमारे २७ टक्के कॉन्कॉर्डमधून नाहीशा झाल्या असून आणखी ३६ टक्के अत्यंत विरळ उरल्या आहेत. त्यांत ऑर्किड आणि लिली कुळांतील अनेक वनस्पतींचा समावेश आहे.

वृक्षांची पालवीही आता लवकर फुटते. जंगलातील लहान रानफुले वृक्षांची सावली दाट होण्यापूर्वीच्या थोड्या दिवसांत वर्षभराचे अन्न साठवितात. वृक्षांची पालवी रानफुलांपेक्षा अधिक वेगाने अलीकडे सरकत असल्याने हा उन्हाचा अवधी आक्रसत असल्याचे २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात नमूद करण्यात आले आहे.

थोरो यांच्या हयातीत तापमानवाढ हा शब्दही प्रचारात नव्हता. कोणताही सिद्धांत मांडण्यासाठी त्यांनी या तारखा लिहिल्या नाहीत. आपल्या गावात वसंत कसा येतो, एवढेच त्यांना नीट जाणून घ्यावयाचे होते. तो वसंत किती बदलला हे आज सांगता येते, ते त्यांनी मागे ठेवलेल्या अपुऱ्या तक्त्यांमुळेच.