नुर्बुर्गरिंगवर आज कुणीही तिकीट काढून गाडी पळवू शकतं, पण तिथल्या सगळ्यात फेमस वळणाला या गड्याचं नाव आहे

रविवारी पहाटे ताम्हिणी किंवा खंडाळ्याच्या घाटात गेलात तर एक गोष्ट हमखास दिसते. पुण्याहून आलेली बाईक आणि कारवाली पोरं, हेल्मेटवर कॅमेरा आणि प्रत्येकाच्या तोंडी एक नाव, ते म्हणजे नुर्बुर्गरिंग.

जर्मनीतला हा रेसट्रॅक जगात फेमस आहे, कारण तो फक्त रेसर लोकांचा नाही. ठराविक दिवशी तिथे कुणीही जाऊ शकतं. लायसन्स आणि रस्त्यावर चालवायला पात्र असलेली गाडी असली की झालं. तिकीट काढायचं आणि २०.८ किलोमीटरच्या ट्रॅकवर फेरी मारायची.

या फेरीत पुढे एक गोल, खोलगट, सिमेंटचं वळण येतं. त्याचं नाव काराचिओला कारुसेल. हा काराचिओला कोण होता, त्याचीच ही गोष्ट.

रुडॉल्फ काराचिओलाचा जन्म ३० जानेवारी १९०१ चा, ऱ्हाईन नदीकाठच्या रेमागेन गावातला. घरचा हॉटेलचा धंदा होता. आडनाव इटालियन वाटतं कारण पूर्वज इटलीतले. पोराला मात्र हॉटेलात रस नव्हता. तो आखेनमधल्या फाफनीर या गाड्यांच्या कारखान्यात शिकाऊ म्हणून लागला. १९२३ मध्ये तिथे त्याची एका लष्करी अधिकाऱ्याशी मारामारी झाली. तेव्हा आखेन बेल्जियमच्या सैन्याच्या ताब्यात होतं, त्यामुळे प्रकरण अंगाशी येणार हे दिसत होतं. गड्याने गाव सोडलं आणि थेट ड्रेस्डेन गाठलं.

तिथे तो मर्सिडीजच्या गाड्या विकायला लागला. होय, तीच मर्सिडीज, जिचा कारखाना आज आपल्या चाकणला आहे. दिवसा सेल्समन आणि सुट्टीच्या दिवशी रेसर.

१९२६ मध्ये बर्लिनच्या आवुस ट्रॅकवर पहिली जर्मन ग्रांप्री झाली. काराचिओलाची गाडी सुरुवातीलाच बंद पडली. मेकॅनिकने ढकलून ती चालू केली तोवर बाकीचे निघून गेले होते. मग धो धो पाऊस आला. गाड्या घसरायला लागल्या, एक गाडी वेळ नोंदवणाऱ्यांच्या खोपटावर आदळली आणि तीन माणसं गेली. काराचिओला मध्येच थांबला, बिघडलेला स्पार्क प्लग शोधून बदलला आणि पुन्हा निघाला. रेस संपली तेव्हा आपण जिंकलोय हे त्याला स्वतःलाही माहीत नव्हतं. बक्षिसाच्या पैशातून त्याने बर्लिनमध्ये स्वतःची शोरूम टाकली आणि शार्लोटशी लग्न केलं. लोक त्याला पावसाचा उस्ताद म्हणायला लागले.

इकडे आयफेलच्या डोंगराळ भागात वेगळंच काम सुरू होतं. हा भाग गरीब होता, हाताला काम नव्हतं. म्हणून १९२५ मध्ये ओटो क्रॉइट्झ या अधिकाऱ्याच्या पुढाकाराने रोजगाराची योजना म्हणून रेसट्रॅक बांधायला घेतला. आपल्याकडे दुष्काळी कामातून रस्ते झाले, तसंच काहीसं. रेस नसेल त्या दिवशी लोकांनी टोल भरून या रस्त्यावर गाडी चालवावी, ही सोय सुरुवातीपासूनच होती. आजची तिकिटाची पद्धत तिथूनच आली.

जून १९२७ मध्ये ट्रॅक सुरू झाला आणि मोटारींची पहिली मोठी रेस जिंकली काराचिओलाने.

आता त्या वळणाची गोष्ट. कारुसेलच्या आतल्या बाजूला पाणी वाहून जायला एक उतरती चर होती. बाकीचे रेसर चर टाळून वरून जायचे. काराचिओलाने आतली चाकं मुद्दाम त्या चरीत घातली. चरीच्या उतारामुळे गाडी बाहेर फेकली जात नाही, वेग कमी करावा लागत नाही, हे त्याने ओळखलं होतं. मग सगळेच तसं करायला लागले आणि पुढे त्या चरीत काँक्रीट घातलं गेलं. आज तिकीट काढून येणारा पर्यटकही चाकं तिथेच घालतो.

१९३१ मध्ये त्याने इटलीची मिले मिलिया जिंकली. साध्या रस्त्यांवरची जवळपास १६०० किलोमीटरची ही रेस जिंकणारा तो पहिला परदेशी.

१९३३ मध्ये मात्र नशीब फिरलं. मोनाकोत सरावाच्या वेळी ब्रेकने दगा दिला आणि गाडी भिंतीवर आदळली. उजव्या मांडीच्या हाडाचा चुरा झाला. पाय महिनोनमहिने प्लास्टरमध्ये होता. बरा झाला तो आखूड होऊनच. तो अजून सावरत होता तोच फेब्रुवारी १९३४ मध्ये स्कीइंगला गेलेली शार्लोट हिमकड्याखाली सापडून गेली.

पाय अधू, बायको गेलेली. इथे कुणीही थांबला असता. काराचिओला त्याच वर्षी पुन्हा गाडीत बसला. आखूड पाय आणि दुखणारा खुबा घेऊन तो १९३५, १९३७ आणि १९३८ असा तीनदा युरोपचा चॅम्पियन झाला.

या यशाला एक काळी बाजूही आहे. मर्सिडीजच्या रेसिंगला हिटलरच्या सरकारचा पैसा होता आणि रेसर लोकांचे विजय प्रचारासाठी वापरले जात. काराचिओला नाझी पक्षाच्या मोटार संघटनेत होता. त्या व्यवस्थेचा फायदा त्याला झाला, हे नाकारता येत नाही. युद्धाच्या काळात तो स्वित्झर्लंडमधल्या लुगानोत राहिला आणि नंतर तिथलाच नागरिक झाला.

२८ जानेवारी १९३८ ला फ्रँकफर्टजवळच्या ऑटोबानवर त्याने ताशी ४३२.७ किलोमीटरचा वेग गाठला. सार्वजनिक रस्त्यावरचा हा विक्रम २०१७ पर्यंत टिकला. पण त्याच दिवशी थोड्या वेळाने त्याचा प्रतिस्पर्धी बेर्न्ड रोझेमायर तो मोडायला निघाला. वारा वाढला होता. काराचिओलाने त्याला तसं सांगितलंही. रोझेमायर थांबला नाही. वाऱ्याच्या झोताने गाडी उडाली आणि तो गेला. वय अवघं २८.

काराचिओला सहा वेळा जर्मन ग्रांप्री जिंकला, त्यातल्या पाच याच नुर्बुर्गरिंगवर. १९५२ मध्ये बर्नला गाडी झाडावर आदळली, डावा पायही मोडला आणि रेसिंग सुटलं. २८ सप्टेंबर १९५९ ला, ५८ व्या वर्षी तो गेला. २००१ मध्ये, जन्मशताब्दीच्या वर्षी, कारुसेलला त्याचं नाव देण्यात आलं.

रीलमध्ये न दिसणारी गोष्ट अशी की लोकांसाठी ट्रॅक खुला असतो तेव्हा तिथे रेस लावायला बंदी असते. वेळ मोजायची नाही. ओव्हरटेक फक्त डावीकडून. रस्त्याचे सगळे नियम लागू. कठडा तोडलात तर त्याचे पैसे तुमच्या खिशातून. आणि मुख्य म्हणजे ट्रॅक एकेरी आहे. समोरून कुणी येत नाही.

ताम्हिणीच्या वळणावर समोरून एसटी येते, गुरं येतात, डबलसीट कुटुंब येतं. काराचिओलाने चर ओळखली, पाऊस ओळखला, वाराही ओळखला, आणि तरी दोन्ही पाय गमावता गमावता राहिले. घाटात थ्रॉटल पिळताना नुर्बुर्गरिंगचं नाव घेणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवलेलं बरं.