पक्षिशास्त्रज्ञ सलीम अली

पुंडलिकनगरातील पुष्कळ मुलांनी दिल्ली दरवाजाजवळचे सलीम अली सरोवर पाहिले असेल. परंतु हे गृहस्थ कोण, हे थोड्यांसच ठाऊक असते. 1896 साली मुंबईस जन्मलेल्या सलीमांचे आईबाप ते अगदी लहान असतानाच निवर्तले. मामांनी त्यांस वाढविले. छर्‍याच्या बंदुकीने मारलेल्या एका पिवळ्या गळ्याच्या चिमणीने त्यांस पक्ष्यांचा नाद लाविला. विद्यापीठाची पदवी काही मिळाली नाही. जर्मनीत पक्षिशास्त्र शिकून 1930 साली ते परतले, तो संग्रहालयातील त्यांची जागाच पैशाअभावी रद्द झालेली! तेव्हा संस्थानांनी केवळ खर्च सोसावा, आपणांस वेतन नको, असे त्यांनी कळविले. 1931 साली हैदराबाद संस्थानाची पाहणी सुरू झाली. आपला जिल्हा तेव्हा त्यातच होता. 1933 साली ते त्रावणकोर-कोचीनकडे वळले. आपलाच सह्याद्री तेथे घनदाट, सदा ओल्या अरण्यांनी झाकलेला आहे. मरयूरपासून आरंभ करून ते रानोरान हिंडले. इंग्लंडात शिकलेल्या पत्नी तहमीना मुंबईचे सुख सोडून तंबूत राहिल्या व मुक्कामाची सारी व्यवस्था पाहू लागल्या. त्यांचा वाटा या कामात थोडा नव्हे. 1939 साली शस्त्रक्रियेनंतर त्या वारल्या. सलीम पुन्हा एकटेच रानात गेले. त्या पाहणीत पक्ष्यांनी गजबजलेले आढळलेले तट्टेकाडचे रान 1983 साली अभयारण्य झाले. ते पाहावयास सलीम हयात होते. 1987 साली ते निवर्तले.