परमवीर मेजर रामा राघोबा राणे

कारवारनजीकच्या चेंडिया गावचे सुपुत्र कै. मेजर रामा राघोबा राणे यांचे नाव आपल्या किनारपट्टीत आदराने घेतले जाते. त्यांनी नेमके काय केले, हे मात्र नव्या पिढीतील थोड्यांनाच ठाऊक असेल.

त्यांचा जन्म २६ जून १९१८ चा. वडील पोलीस शिपाई. त्यांच्या बदल्यांमुळे शिक्षण ठिकठिकाणच्या शाळांतून झाले. १९३० साली मुलगा राष्ट्रीय चळवळीकडे ओढला जाऊ लागताच वडिलांनी बिऱ्हाड चेंडियास परत आणले. तोच मुलगा जुलै १९४० मध्ये ब्रिटिशांच्या सैन्यात, बाँबे सॅपर्समध्ये, भरती व्हावा, हा दैवयोगच म्हणावयाचा! ब्रह्मदेशाच्या आघाडीवर ते हवालदारपदास पोहोचले आणि १५ डिसेंबर १९४७ रोजी स्वतंत्र भारताच्या सेनेत सेकंड लेफ्टनंट झाले.

चारच महिन्यांत कसोटी आली. एप्रिल १९४८ मध्ये शत्रूच्या ताब्यातील राजौरी परत घेण्यासाठी नौशेऱ्याहून आपली सेना निघाली. त्या डोंगरी रस्त्यावर शत्रूने सुरुंग पेरले होते, पाइनचे वृक्ष आडवे पाडले होते, मोऱ्या उडविल्या होत्या. रणगाड्यांना वाट करून देण्याचे काम राणे यांच्या तुकडीकडे होते. ८ एप्रिल रोजी काम सुरू होताच उखळी तोफांचा मारा झाला. दोन जवान धारातीर्थी पडले, पाच जखमी झाले. त्या पाचांत स्वतः राणे होते. मांडीतून रक्त वाहत असता त्यांनी काम सोडले नाही. एके ठिकाणी गोळीबारातून पुढे जाणे अशक्य झाले, तेव्हा ते आघाडीच्या रणगाड्याखाली शिरले आणि त्याच्याबरोबर सरपटत, दोराच्या हिसक्यांनी चालकास खुणा करीत त्यांनी रणगाडा पुढे नेला. शत्रूवर तुटून पडण्याचा पराक्रम सर्वांच्या डोळ्यांत भरतो. गोळ्यांच्या वर्षावात खाली मान घालून सुरुंग उकरीत बसण्यास निराळीच छाती लागते. ११ एप्रिल रोजी त्यांनी सलग १७ तास काम केले. जुन्या मोगली सराईचे चिंगस मागे पडले आणि १२ एप्रिल रोजी राजौरी हाती आले.

काश्मीरच्या त्या युद्धासाठी पाच वीरांना परमवीर चक्र मिळाले. तिघांना ते मरणोत्तर. हयात राहिलेले दोघे म्हणजे करम सिंग आणि राणे. १९६८ साली ते मेजर म्हणून निवृत्त झाले व ११ जुलै १९९४ रोजी पुणे येथे निवर्तले. २००६ च्या नोव्हेंबरात कारवारच्या रवींद्रनाथ टागोर किनाऱ्यावर त्यांचा पुतळा उभा राहिला. चेंडिया तेथून फार दूर नाही.