शेतकऱ्यांचे कैवारी महात्मा जोतीराव

महात्मा जोतीराव फुले यांचा जन्म १८२७ साली झाला. वडील गोविंदराव यांचा पुण्यास फुलांचा व्यवसाय होता. मध्यंतरी शाळा सुटली असता बालवयातच जोतीरावांनी मळ्यातील कष्ट अनुभवले. १८४८ साली त्यांनी मुलींची शाळा काढली, हे आपण सर्व जाणतोच. परंतु त्यांचा पाण्याविषयीचा विचार आपल्या घरांत क्वचितच बोलला जातो.

१८८३ साली त्यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ हा ग्रंथ सिद्ध केला. डोंगरउतारावर ताली व बंधारे घालून पावसाचे पाणी शेतातच मुरवावे, तलावांतील गाळ शेतकऱ्यांस मोफत नेऊ द्यावा आणि त्यांच्या मुलांस शेतीचे शिक्षण द्यावे, असे त्यांनी त्यात सुचविले. १८९० साली त्यांचे देहावसान झाले. राहुरीचे कृषी विद्यापीठ आज त्यांचेच नाव धारण करते.

आम्ही शिक्षक या नात्याने दरवर्षी त्यांच्या तसबिरीस हार घातला. परंतु स्वतःच्या उताराच्या रानास ताल घातली नाही. माती वाहून गेली, विहीर आटली. दोष आमचाच. समाजबांधवांनी तरी पुढील जयंतीपूर्वी आपापल्या शेतात एक बांध घालावा, हीच नम्र विनंती.