क्षयाने ग्रासलेल्या घरातील शिल्पकार

अमेरिकेतील वॉटरटाउन गावात हायरम हॉस्मर नावाचे डॉक्टर होते. त्यांची पत्नी क्षयाने गेली, दोन मुलगे तान्हेपणीच दगावले आणि पुढे एक मुलगीही क्षयानेच हिरावली. उरली एकटी हॅरिएट. तिचा जन्म ९ ऑक्टोबर १८३० चा.

त्या काळी क्षयावर औषध नव्हते. रॉबर्ट कॉख यांनी त्याचा जंतू दाखवला तो १८८२ मध्ये. डॉक्टर बापाने मुलीला घरात जपून ठेवण्याऐवजी मोकळ्या हवेत सोडले. पोहणे, होडी वल्हवणे, घोडेस्वारी, नेमबाजी सगळे शिकवले. मोकळ्या हवेने क्षय बरा होत नाही. पण कोंदट खोलीत रुग्णाच्या खोकल्यातून तो पसरतो, हे आज आपण जाणतो. ही मुलगी ७७ वर्षे जगली.

तिला शिल्पकार व्हायचे होते. माणूस घडवायचा तर कातडीखालची हाडे आणि स्नायू ठाऊक हवेत. बोस्टनमध्ये स्त्री म्हणून शरीररचनाशास्त्राचे दार बंद होते. १८५० मध्ये ती दूर सेंट लुईसला गेली आणि डॉ. मॅकडॉवेल यांच्याकडे शिकली. त्यानंतर ३६ वर्षांनी आपल्या कल्याणच्या आनंदीबाई जोशी फिलाडेल्फियात डॉक्टर झाल्या; त्यांना मात्र क्षयाने वर्षभरातच नेले.

१८५२ मध्ये हॅरिएट रोमला गेली. जॉन गिब्सन या नामवंत शिल्पकाराच्या हाताखाली तयार झाली. तिचे साखळदंडातील राणी झेनोबियाचे शिल्प १८६२ च्या लंडन प्रदर्शनात मांडले गेले आणि कुजबुज सुरू झाली, की हे बाईचे काम नव्हेच, कारागिरांचे आहे. तिने अब्रुनुकसानीचा दावा लावला. शिवाय १८६४ मध्ये लेख लिहून शिल्प कसे घडते ते सांगितले: मूळ नमुना कलावंताचा, दगड फोडायला कारागीर. पुरुष शिल्पकारही हेच करत!

तिची बुद्धी शोधकाची होती. प्लास्टरच्या ओबडधोबड आकारावर मेणाचा थर देऊन त्यात बारकावे कोरण्याची रीत तिने काढली. साध्या चुनखडीला संगमरवराचे रूप देण्याची पद्धत शोधली. उतारवयात मात्र ती आपोआप अखंड चालणाऱ्या यंत्रामागे लागली. ऊर्जा शून्यातून निर्माण होत नाही, घर्षणात ती खर्चही होते. असे यंत्र कुणालाच जमलेले नाही. २१ फेब्रुवारी १९०८ रोजी ती वारली.

हॉस्मर डॉक्टरांकडे नव्हते ते आज आपल्याकडे आहे. मोहने-आंबिवलीच्या दाट वस्तीत कुणाचा खोकला दोन आठवड्यांहून जास्त टिकला, तर थुंकी तपासून घ्यावी. सरकारी रुग्णालयात तपासणी आणि औषधे मोफत आहेत. बरे वाटले तरी गोळ्या मध्येच सोडू नयेत. खिडक्या उघड्या ठेवाव्यात आणि मुलींना मैदानावर जाऊ द्यावे.