हाफकिनच्या बाजूने कोण बोलले?

वरळीच्या बीडीडी चाळीतून आम्ही परळच्या हाफकिन संस्थेकडे पाहतो, तेव्हा एक प्रश्न पडतो.

वाल्डेमार हाफकिन १८६० साली ओडेसात जन्मले. ज्यू, डॉक्टरकीची पदवी नसलेले. सरकारी वैद्यकीय सेवेतल्या अनेकांना हा उपरा खुपे. जानेवारी १८९७ मध्ये मुंबईत प्लेगची लस त्यांनी आधी स्वतःला टोचली. मार्चमध्ये सावित्रीमाई प्लेगग्रस्तांची सेवा करताना गेल्या.

१९०२ साली पंजाबात मुल्कोवालला लसीनंतर धनुर्वाताने १९ जण दगावले. हाफकिनना पदावरून दूर केले गेले. १९०७ मध्ये रोनाल्ड रॉस आदी शास्त्रज्ञांनी लंडनच्या वृत्तपत्रातून आवाज उठवला, तेव्हा कलंक धुतला गेला. १९२५ मध्ये संस्थेला त्यांचे नाव मिळाले.

संशोधनाचा पैसाही वजनदारांच्या शब्दावर वळतो. डॉक्टरांना संघटना आहेत. चाळीतल्या क्षयरोग्याच्या बाजूने कोण बोलणार? आपणच, संघटित होऊन!